अंगाखालचं आधी बघा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते थंडीत जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी. रात्रीची लाईट आली म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला शेतातल्या आखाड्यावर मुक्कामी गेलेले शेतकरी, मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत पाल ठोकून राहणारी माणसं, अजिंठ्याच्या डोंगरात तंबू घेऊन निघालेली कॉलेजची पोरं; आणि या सगळ्यांच्या आधी, बीड-धाराशिवकडून कारखान्यांवर गेलेली ऊसतोडीची बिऱ्हाडं. आपल्याकडची थंडी साधी नाही. परभणीत पारा पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे.

थंडी वाजली की आपण आणखी एक वाकळ अंगावर ओढतो. तरी पहाटे पाठ आणि कंबर गारठतेच. कारण वाकळ स्वतः ऊब तयार करत नाही. तिच्या थरांत अडकलेली हवा आपल्या अंगातली ऊब धरून ठेवते. तीच वाकळ अंगाखाली घेतली की वजनानं दबते, हवा निघून जाते आणि ऊब सरळ जमिनीत उतरते. शहाबादी फरशीवर हे लगेच जाणवतं. जमीन ओली असेल तर विचारूच नका, कारण स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीसपटीहून सहज निघून जाते.

डोंगरात राहणाऱ्यांसाठी ज्या मॅट मिळतात, त्या याच कारणासाठी बनवलेल्या असतात. चांगल्या मॅटवर ‘आर व्हॅल्यू’ नावाचा आकडा छापलेला असतो; मॅट खाली जाणारी ऊब किती अडवते, ते तो सांगतो. हा आकडा मोजण्याची एकसारखी पद्धत 2018 मध्ये ठरली. बर्फात झोपणाऱ्याला पाचच्या पुढची मॅट लागते. आपल्या हिवाळ्याला दोन-तीन पुरे. एकावर एक दोन मॅट टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते, हे ध्यानात ठेवा. जाडीवर मात्र जाऊ नका. नुसती हवा भरलेली वीतभर जाड गादी थंडीत फसवते, कारण आतली हवा फिरत राहते आणि वरची ऊब खाली नेते. शिवाय बाभळीच्या एका काट्यानं ती बसते. आपल्या रानाला फोमची घट्ट मॅट बरी. ती पाणी पीत नाही, काट्यानं बिघडत नाही, स्वस्तही पडते.

मॅट नसेल तर? खाली ताडपत्री, तिच्यावर कडब्याचा जाड थर किंवा किराणा दुकानातले कोरडे पुठ्ठे, त्यावर घोंगडी. लोकर दबली तरी कापसापेक्षा जास्त हवा धरते, म्हणून दोन पांघरुणं असतील तर घोंगडी खाली घ्या. प्लास्टिक अंगावर घेऊ नका. आतून घाम धरतं आणि पांघरूण ओलं होतं. बाजेवर झोपणाऱ्यांनीही खाली जाड अंथरूण घ्यावं, कारण तिच्याखालून गार वारं वाहतं.

आता ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादम मंडळींना हात जोडून विनंती. कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, बहुतेक वेळा भिजवलेल्या रानाच्या कडेला पडतात, आणि त्यात तान्ही लेकरं झोपतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देताना प्रत्येक कोयत्यामागं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागं, फोमच्या दोन पट्ट्या द्या. डोंगर चढणाऱ्या हौशी माणसाला जे मिळतं, ते दिवसभर ऊस तोडणाऱ्या बाईच्या पाठीखाली का नसावं? मला तरी याचं उत्तर सापडत नाही.

आणि आयाबायांनो, लेकराला गारठा लागतो म्हणून पेटती शेगडी बंद कोपीत घेऊन झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेत कळत नाही, जीव जातो. शेकून घ्या, मग शेगडी बाहेर ठेवा. बाटलीत कोमट पाणी भरा, झाकण घट्ट लावा, फडक्यात गुंडाळा आणि लेकराच्या पायाकडं ठेवा. पाणी कढत नको. आधी आपल्या मनगटावर लावून बघा.