युनिटी जहाजाच्या वारसाची वाट

लालसर बुरशीचे पट्टे पसरलेला एक नकाशा डोळ्यांसमोर आणा. तो 'सिड मायर्स अल्फा सेंटॉरी' या संगणकीय डावपेचांच्या खेळातला आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये हा खेळ प्रकाशित झाला, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये 'एलियन क्रॉसफायर' ही त्याची पुरवणी आली, आणि त्यानंतर त्याच्या नावावर आणखी एकही संगणकीय खेळ निघाला नाही. तरीही पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्याचे चाहते पुढच्या भागाची वाट पाहत आहेत. ते नेमके कशाची वाट पाहत आहेत, हे समजण्यासाठी खेळाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागेल.

१९९१ साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन' या खेळात डाव जिंकण्याचा एक मार्ग असा होता की, अश्मयुगातून निघालेल्या आपल्या संस्कृतीने अंतराळयान बांधून ते अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे पाठवायचे. यान तिथे पोहोचले की खेळ संपत असे. १९९६ मध्ये सिड मायर, त्या मालिकेच्या दुसऱ्या भागाचे मुख्य रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स आणि जेफ ब्रिग्ज यांनी मायक्रोप्रोज ही कंपनी सोडून अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात फिरॅक्सिस सुरू केली, तेव्हा 'सिव्हिलायझेशन' हे नाव जुन्या कंपनीकडेच राहिले. नाव वापरता येत नव्हते, म्हणून त्यांनी कथेचा धागा उचलला आणि आधीचा खेळ जिथे संपत होता तिथूनच नवा खेळ सुरू केला. खोक्यावर नाव मायर यांचे असले, तरी रचना प्रामुख्याने रेनॉल्ड्स यांची होती.

संयुक्त राष्ट्रांचे 'युनिटी' हे जहाज ताऱ्याजवळ पोहोचत असताना त्यात बिघाड होतो, पृथ्वीशी संपर्क तुटतो, कप्तानाचा खून होतो आणि प्रवाशांचे सात गट पडतात. हे गट देशांवरून किंवा वंशांवरून पडत नाहीत. माणसाने कसे जगावे याविषयीच्या सात उत्तरांवरून पडतात. डीअर्डर स्काय यांच्या 'गायाच्या सावत्र लेकी' निसर्गाशी जुळवून घेऊ पाहतात, न्वाबुडिके मॉर्गन सर्व काही बाजारावर सोपवतात, शेंग-जी यांग व्यक्तीला समूहात विरघळवतात, प्रोखोर झाखारोव्ह यांना ज्ञानापुढे कशाचीच तमा नसते, मिरियम गॉडविन्सन यांची भिस्त श्रद्धेवर आणि कोराझोन सँटियागो यांची शस्त्रावर. सातवे आहेत प्रवीण लाल, जहाजावरचे भारतीय शल्यचिकित्सक आणि आता शांतिसेनेचे आयुक्त. ते संयुक्त राष्ट्रांची सनद अजूनही जपतात. ग्रहावरील परिषदेत त्यांची मते दुप्पट धरली जातात, पण नोकरशाहीच्या ओझ्यामुळे त्यांच्या कारभाराची कार्यक्षमता थोडी कमी पडते. एका माणसाचा स्वभाव दोन-तीन नियमांत इतक्या अचूकपणे उतरवलेला क्वचितच पाहायला मिळतो.

खेळाडू आपल्या समाजासाठी राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था आणि मूल्ये निवडतो, आणि त्या निवडीवरूनच बाकीचे नेते त्याचे मित्र किंवा वैरी होतात. मुक्त बाजारपेठ स्वीकारली की मॉर्गन आनंदतात आणि स्काय दुखावल्या जातात. नवा शोध लागला की त्यावर कुणा नेत्याच्या लेखनातला किंवा प्लेटो, नित्शे यांच्यासारख्या खऱ्या विचारवंताचा उतारा ऐकू येतो. हे आवाज ऐकतच अनेकांनी हा खेळ मनात साठवला.

आणि खुद्द ग्रहही इथे एक पात्र आहे. त्यावर पश्चिमेकडून वारे वाहतात. डोंगराच्या पश्चिम उतारावर पाऊस अधिक पडतो आणि पूर्वेकडचा उतार कोरडा राहतो. खेळाडूला जमीन उंच करता येते, म्हणजे तो आपल्यासाठी पाऊस अडवू शकतो आणि शेजाऱ्याचा तोडू शकतो. सह्याद्रीच्या एका अंगाला कोकण आणि दुसऱ्या अंगाला माणदेश पाहिलेल्या मराठी माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. मात्र कारखाने बेसुमार वाढवले की बुरशी फोफावते आणि तिच्यातून मनावर हल्ला करणाऱ्या अळ्यांच्या झुंडी बाहेर पडतात, ज्यांच्यापुढे तोफा फारशा कामी येत नाहीत. हा ग्रह विचार करतो, हे हळूहळू उलगडत जाते.

पुढचा भाग न निघण्याचे कारण मुख्यतः हक्कांचे आहे. 'अल्फा सेंटॉरी'चे प्रकाशन इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने केले आणि हक्क तिच्याकडे राहिले. 'सिव्हिलायझेशन' हे नाव मात्र मायक्रोप्रोजकडून हॅस्ब्रो आणि मग इन्फोग्राम्स या कंपन्यांच्या हातून २००४ च्या अखेरीस टेक-टू या कंपनीकडे गेले आणि २००५ मध्ये त्याच कंपनीने फिरॅक्सिसही विकत घेतली. म्हणजे घडवणारे एका घरात आणि घडवलेली वस्तू दुसऱ्या घरात, अशी स्थिती झाली. रेनॉल्ड्स तर २००० सालीच फिरॅक्सिस सोडून गेले होते.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये फिरॅक्सिसने 'सिव्हिलायझेशन: बियाँड अर्थ' आणला, तेव्हा चाहत्यांना वाटले की नाव वेगळे असले तरी वारस आला. परग्रह होता, विषारी हवा होती, नेत्यांमध्ये कविता ठाकूर हे भारतीय उपखंडातले पात्रही होते. पण प्रवीण लाल कोणत्या गोष्टीसाठी लढतील आणि कोणत्या गोष्टीसाठी कधीच लढणार नाहीत, हे दोन डावांत कळते. कविता ठाकूर यांच्याबद्दल तसे सांगता येत नाही. तिथले नेते बव्हंशी एखादा लाभ देणारे चेहरे राहिले. पुढच्या वर्षीच्या 'रायझिंग टाइड' या पुरवणीने राजनय सुधारला, पण ती उणीव भरून निघाली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दरम्यान चाहत्यांनी जुना खेळ स्वतःच्या हातांनी जिवंत ठेवला. त्यांनी चुका दुरुस्त करणारे पॅच लिहिले, नव्या मोठ्या पडद्यांवर नकाशा नीट दिसेल अशी सोय केली, 'थिंकर' या मॉडने, म्हणजे चाहत्यांनी खेळात केलेल्या बदलांच्या संचाने, संगणकाच्या चाली अधिक शहाण्या केल्या, आणि 'प्लॅनेटफॉल' या मॉडने तर 'सिव्हिलायझेशन ४'च्या चौकटीत हा सगळा ग्रह पुन्हा उभा केला. एवढी मेहनत घेणाऱ्यांना अधिक झळाळती चित्रे नको आहेत. त्यांना हवे आहेत ते आजच्या प्रश्नांवर एकमेकांशी मनापासून भांडणारे सात नवे लोक, त्यांच्या तोंडी कुणीतरी विचारपूर्वक लिहिलेले शब्द, आणि खेळाडूच्या वागण्याला उत्तर देणारा एक ग्रह. त्यासाठी दोन कंपन्यांना एका टेबलाशी बसावे लागेल. तोवर या नकाशावर दर डावाला बाविसावे शतक उजाडते, पश्चिमेकडून वारा सुटतो आणि सात गट बुरशीने वेढलेल्या जमिनीवर आपले पहिले तळ उभारू लागतात.