टाके निघाल्यानंतर

टिळक रोडवरचा दवाखाना. सदाशिव पेठेतल्या एक काकू गालाशी रुमाल धरून बाकावर बसल्यात. पुढच्या दाताचं रूट कॅनाल जुनं होतं, मुळाच्या टोकाशी परत पू झाला. डॉक्टरांनी हिरडी उचलून ते टोक, सुमारे ३ मिलिमीटर, कापलं, तिथं सिमेंट भरलं, टाके घातले. काम तासाभराचं.

आजचा दिवस बर्फाचा. फडक्यात गुंडाळून बाहेरून लावायचा, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. चूळ आज नाहीच. जोरात थुंकलं की रक्ताची गुठळी सुटते, आणि जखमेवरचं झाकण तीच. उद्यापासून मिठाचं कोमट पाणी, तेही तोंडात फिरवून हळूच सोडायचं. जेवायला मऊ भात, मेतकूट, तूप. मिसळीला थोडे दिवस सुट्टी.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते, आणि घरचे नेमके तेव्हाच घाबरतात. नंतर ती उतरायला हवी. चौथ्या दिवशीही वाढतीच असेल, ताप किंवा पू असेल, तर फोन करायचा. दुपारी एक ते चार असले तरी.

सगळ्यात अवघड पथ्य आरशाचं. ओठ वर उचलून टाके बघायचे नाहीत, ओढ बसून ते सुटतात. सगळे मान डोलावतात. घरी गेल्यावर स्वतः बघतात, वर भेटायला आलेल्यांनाही दाखवतात!

भोरहून आलेल्या आजींना तंबाखू बंद सांगितला होता. त्यांनी मिश्री चालू ठेवली. मिश्री म्हणजे दात घासायचं, तंबाखू थोडाच, असं त्यांचं म्हणणं. जखम भरायला वेळ लागला.

आठवड्याच्या आत-बाहेर टाके निघतात. मग बरेच जण दिसतच नाहीत, कारण दुखत नाही. पण पुवानं खाल्लेलं हाड भरायला महिने लागतात आणि ते भरताना काही जाणवत नाही. ते कळतं फक्त एक्स-रेत, म्हणून सहा महिन्यांनी एक फोटो, वर्षानं दुसरा.

कर्वेनगरचे एक काका वर्षानं आलेत. डॉक्टर दोन्ही फोटो उजेडाकडे धरतात. मुळाशी मसुराएवढा काळा डाग होता. आता आहे, पण मोहरीएवढा.

"दुखत तर काहीच नाही," काका म्हणतात.

डॉक्टर कार्डावर पुढच्या वर्षाची तारीख घालतात.