'नीवु' म्हणजे तू की तुम्ही?

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली, सकाळ. आधी नुसता लूमचा आवाज.)

हा खटाखट आवाज ऐकताय ना, हा सोलापूरचा पूर्व भाग. चादरी, टॉवेल, आणि घराघरात तेलुगू. पण कोपऱ्यावरच्या दुकानात मराठी, अक्कलकोटकडनं आलेल्या पाहुण्याशी कन्नड, रिक्षात बसलं की दखनी, म्हणजे इकडची उर्दू, आणि हे सगळं एकच माणूस बोलतो, त्याला त्यात विशेष असं काही वाटत पण नाही.

आज यातला एकच शब्द पकडूया. तुम्ही.

कन्नड बोलणारा 'नीवु' म्हणाला की समजायचं, एकतर मान देतोय नाहीतर समोर बरेच जण आहेत. दोस्ताला तो 'नीनु' म्हणतो, घाईत नुसतं 'नी'. आता तेलुगू बघा. पुस्तकी तेलुगूत 'नीवु' म्हणजे चक्क 'तू'! बोलताना त्याचं 'नुव्वु' होतं, आणि मान द्यायचा असेल किंवा चारचौघांशी बोलायचं असेल तर 'मीरु'. म्हणजे दोघी एकाच द्राविडी घरातल्या, शब्द तोच, आणि एकीकडं अहो तर दुसरीकडं अरे. मला तर हे कळल्यावर दोन दिवस हसूच येत होतं.

(दृश्य: उघडं दार, उंबऱ्यात रांगोळी.)

आणि दारात कुणी 'रंडि, रंडि' म्हणून बोलावलं तर नवख्या माणसानं दचकायचं नाही. ते तेलुगूतलं 'या, या' आहे हो! एकट्या पोराला 'रा', मोठ्यांना किंवा सगळ्यांना 'रंडि'. कन्नडमध्ये 'बा' आणि आपल्या भागातलं 'बर्री', मराठीत 'ये' आणि 'या'. हिशोब सगळीकडं सारखाच.

पण घोळ पण इथंच आहे. मान आणि अनेकवचन दोन्हीला एकच शब्द. आमच्या आईनं एकदा फोनवर शेजारच्या काकूंना सांगितलं, 'तुम्ही या बरं का जेवायला.' आईच्या डोक्यात एकट्या काकू, काकूंच्या डोक्यात अख्खं घर. सात माणसं आली. डब्यात कडक भाकरी होत्या आणि बरणीत शेंगाचटणी, म्हणून निभावलं. लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' छापतात ना, ते उगाच नाही, नुसत्या 'आपण यावे' मधनं किती जणांनी यायचं हे कळतच नाही.

मग लोक शेपूट जोडतात. मराठीत 'तुम्ही सगळे', तेलुगूत 'मीरंता', कन्नडमध्ये 'नीवेल्ला', दखनीत 'तुम लोगां'. संस्कृतचा थाट वेगळाच होता, एकाला त्वम्, दोघांना युवाम्, तिघांपासून पुढं यूयम्. काकूंचं प्रकरण संस्कृतात झालंच नसतं.

(दृश्य: शाळेचा फळा, त्यावर खडूनं लिहिलेलं 'यू'.)

इंग्रजीचं तर पार दिवाळं निघालंय. पूर्वी त्यांच्याकडं पण एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यी' होतं, 'यू' हे त्या 'यी'चंच कर्माचं रूप, आपलं 'तुम्हाला' असतं तसं. मग मोठ्या माणसाला मान म्हणून अनेकवचन वापरायला लागले, मान वाढत वाढत सगळ्यांनाच मिळाला, आणि 17व्या शतकात 'दाऊ' रोजच्या बोलण्यातनं मागं पडलं. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाची माणसं मात्र अडून बसली, देवापुढं सगळे सारखे तर कुणाला जास्तीचा मान का म्हणून राजापासून सगळ्यांना एकवचनच. आता राहिलं एकटं 'यू', एकाला पण तेच आणि शंभराला पण तेच. मग अमेरिकेच्या दक्षिणेत लोक 'यॉल' म्हणायला लागले, म्हणजे 'यू ऑल', आपलं 'तुम्ही सगळे'च की! पिट्सबर्गला 'यिन्झ', आयर्लंडमध्ये 'यूझ', आणि तिथं जुनं 'यी' पण अजून चालतं. शाळेत मास्तर असल्या शब्दांना चूक म्हणतात, मला विचाराल तर मोडलेल्या जागी लोकांनी स्वतःच ठिगळ लावलंय.

स्पेनमध्ये दोस्तांच्या घोळक्याला 'वोसोत्रोस' आणि मानाच्या मंडळींना 'उस्तेदेस', पण समुद्र ओलांडून मेक्सिकोत गेलात की दोघांनाही 'उस्तेदेस'. तिकडं पण काकूंसारखं काहीतरी होत असणारच.

(दृश्य: स्वयंपाकघर, परातीत पीठ, कानाला फोन.)

आई आता फोनवर आधी आकडा सांगते. 'तुम्ही दोघंच या हां.' परवा तिघं आले.