सकाळी मिरची, दुपारी धणे

श्रोतेहो, नमस्कार.

लालबाग, परळ, करी रोड आणि चिंचपोकळी या मुंबईच्या जुन्या गिरणगावात अलीकडे कोणती नवी दुकाने आली, कोणती जुनी टिकली आणि या दोघांचे आपसांत कसे जमते, याविषयी आज बोलायचे आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. या वस्तीत नव्या-जुन्यांमध्ये जे खटके उडतात, त्यांतले निम्मे वेळेवरून उडतात. कोणाचा धंदा दिवसाच्या कोणत्या प्रहरी चालतो, हे एकमेकांना कळले की ते निम्मे मिटतात. उरलेले निम्मे भाड्यावरून असतात आणि ते सहसा मिटत नाहीत.

गिरण्या चालू होत्या तेव्हा वेळेचा प्रश्न भोंगाच सोडवीत असे. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी यांच्या हिशेबाने चहाची दुकाने उघडत, न्हावी वस्तरा परजून बसे आणि घरगुती खानावळींत पंगती उठत. कोकणातून आणि घाटावरून आलेले, कुटुंब गावी ठेवलेले कामगार या खानावळींत महिन्याच्या बोलीवर जेवत. जेवण रांधणाऱ्या या बायकांना सावकाराच्या दारी जावे लागू नये, बँकेने त्यांना कर्ज द्यावे, यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. पाळ्या थांबल्या, तसे दुकानांचे घड्याळही थांबले.

ते घड्याळ पुन्हा चालू झाले ते कचेऱ्यांमुळे. गिरण्यांच्या जमिनींविषयीचा नियम १९९१ साली झाला. त्यात जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी आणि एक हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी ठेवायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि वस्तीच्या वाट्याला फारच थोडे आले. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि उपाहारगृहे आली. आता गर्दीच्या वेळा तीन आहेत: दुपारी एकचा सुमार, संध्याकाळी कचेऱ्या सुटण्याची वेळ आणि शुक्रवारची रात्र. जाता जाता एक सांगतो. घरांच्या जाहिरातींत लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणण्याची जी टूम निघाली आहे, ती मला मुळीच मान्य नाही; परळात घर घ्यायचे आणि पत्त्यात परळ नको, हा कुठला न्याय?

आता मूळ गोष्टीकडे वळतो. लालबागच्या मसाल्याच्या बाजाराजवळ एका चाळीच्या तळमजल्यावर मसाला कुटण्याचा डंक आहे. तो चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली मावशी म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो. मार्च ते मे हा त्यांचा हंगाम. बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी आणि थोडी लवंगी अशी मिरची घ्यायची, देठे काढून उन्हात खडखडीत वाळवायची, भाजून घ्यायची आणि डंकावर नंबर लावायचा, हे आपल्याला मी सांगायला नको. पाकिटातला तयार मसाला आणणाऱ्यांविषयी मी आज काही बोलणार नाही, कारण त्यांत माझ्या घरचेही लोक आहेत.

डंकाला लागून असलेल्या गाळ्यात एका जानेवारीत कॉफीचे दुकान निघाले. चालवणारा तरुण पार्ल्याचा, स्वभावाने मोकळा. त्याने काचेचा दरवाजा बसवला, वातानुकूलन केले आणि कॉफीचे मोठे यंत्र आणले. जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन्ही महिने उत्तम गेले. मार्चच्या मध्यावर एका शनिवारी दुपारी मावशींनी संकेश्वरीचा पहिला मोठा घाणा डंकात टाकला आणि शेजारच्या दुकानात बसलेली सगळी गिऱ्हाइके एकदम खोकू लागली. कोणाला ठसका, कोणाला शिंका, कोणाच्या डोळ्यांतून धारा. एक गृहस्थ लॅपटॉप उघडाच ठेवून रस्त्यावर धावले. वातानुकूलनाचे यंत्र बाहेरची हवा नेमकी डंकाच्या खिडकीजवळून ओढत होते, हे त्या दिवशी सर्वांना समजले.

तरुणाने रीतसर तक्रार केली. तिची चौकशी करायला एक साहेब आले. त्यांनी डंक पाहिला, खिडकी पाहिली, रुमालात तोंड धरून मनसोक्त खोकून घेतले आणि मग मावशींना हळूच विचारले, ‘मालवणी मसाल्याला बेडगी किती धरता?’ मावशींनी प्रमाण सांगितले. साहेबांनी ते वहीत उतरवून घेतले आणि ‘तुम्ही दोघे समजुतीने घ्या’ असे सांगून ते निघून गेले.

समजूत घालण्याचे काम गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाकडे गेले. बाहेरच्यांना याचे नवल वाटते, परंतु इथे मंडळ आणि बाजार यांचे नाते फार जुने आहे. लालबागच्या राजाचा उगमच मुळी बाजाराच्या नवसातून झाला. पेरू चाळीतला बाजार १९३२ साली बंद पडला, उघड्यावर बसणाऱ्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. त्यामुळे गाळ्याचे भांडण मंडळाच्या खोलीत सुटणे, ही येथील रीतच आहे.

बैठकीत तरुण म्हणाला की, डंक सकाळीच चालवा, माझी गिऱ्हाइके अकरानंतर येतात. मावशी म्हणाल्या, ‘बाबा, बायका आदल्या दिवशी मिरची वाळवणार, सकाळी घरचे आवरून भाजायला देणार, मग माझ्याकडे येणार, त्यांनी काय पहाटे येऊन माझ्या दारात बसायचे?’ दोघांचेही खरे होते. वेळेचे गणित जुळेना. शेवटी मावशींच्या सुनेने, जी तोवर चहाचे पेले गोळा करीत होती, एक साधी गोष्ट विचारली. ठसका मिरचीने लागतो, धण्याने लागतो का?

ठरले ते असे. मिरची आदल्या संध्याकाळी भाजून डंकावर आणून ठेवायची आणि ती सकाळी सहा ते साडेदहा या वेळेत कुटायची. दुपारी धणे, दगडफूल, नागकेशर आणि इतर खडा मसाला कुटायचा. सकाळी मिरची, दुपारी धणे. मंडळाच्या कार्यकर्त्याने हे चार शब्द पुठ्ठ्यावर लिहून डंकाच्या भिंतीवर टांगले. पुन्हा सांगतो: सकाळी मिरची, दुपारी धणे.

याचा परिणाम कोणी कल्पिला नव्हता. भाजलेल्या धण्याचा आणि दगडफुलाचा वास दुपारी कॉफीच्या दुकानात शिरू लागला आणि गिऱ्हाइके विचारू लागली की, हा कोणत्या कॉफीचा सुगंध आहे. दुसरे असे की, दुपारी नंबर लावून थांबलेल्या बायका उन्हातून उठून काचेच्या दरवाजाआड गारव्याला बसू लागल्या. फलकावरचे कॉफीचे दर वाचून त्या काही मागवीत नसत. तरुणाला चार दिवसांत उमगले आणि त्याने साधा उकळलेला चहा ठेवला; फलकावर मात्र तो लिहिला नाही. ज्यांना माहीत त्यांनाच तो मिळे. मे महिन्यात त्या दुकानात चहा अधिक खपत होता, असे तो स्वतःच मला म्हणाला. मावशींनी त्याची कॉफी एकदाच घेतली आणि ‘करपलीय’ एवढाच अभिप्राय दिला.

आता उरलेले निम्मे भांडण, म्हणजे भाडे. कॉफीचे दुकान अकरा महिन्यांच्या करारावर होते. करार संपताच गाळेवाल्याने इतकी रक्कम वाढवून मागितली की, तरुणाने यंत्र उचलून दुसरीकडे बिऱ्हाड केले. मावशींचा गाळा पागडीचा, म्हणजे एकदाच ठोक रक्कम देऊन कायमच्या भाडेहक्काने घेतलेला, सासऱ्यांच्या नावावर होता तो त्यांच्याकडे आला, भाडे अगदी नाममात्र. गिरणगावातली जुनी दुकाने टिकण्याचे मुख्य कारण हेच आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. चिवडा, मसाले, गणेशमूर्तींच्या कार्यशाळा, पितळी भांडी यांना चव, हात आणि नाव आहे, यात शंका नाही. परंतु त्यांच्याकडून चालू बाजारभावाने भाडे घेतले असते, तर त्यांतील कितीतरी केव्हाच उठली असती. शेजारच्या गाळ्यात आता केशकर्तनालय आले आहे आणि त्याच्या मालकालाही तो पुठ्ठा दाखवण्यात आला.

चाळींचा पुनर्विकास मात्र पागडीचे हे कवच काढून घेणार आहे. ना. म. जोशी मार्ग, नायगाव आणि वरळी येथील, ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींत एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीऐवजी पाचशे चौरस फुटांचे घर मिळते, ही रहिवाशांसाठी मोठी गोष्ट आहे आणि तिच्याविरुद्ध बोलण्याचा मला अधिकार नाही. खासगी चाळींतही अशीच बोलणी चालू आहेत. गाळेधारकाला गाळ्याच्या बदल्यात गाळा मिळतो. परंतु बावीस मजल्यांच्या इमारतीखाली डंक चालेल का, हे करारात सहसा कोणी लिहून घेत नाही. तीन फेजची वीज, हादरे शोषणारा पाया, धुराडे छतापर्यंत नेण्याची सोय आणि चालवण्याच्या वेळा, या चार गोष्टी कागदावर नसतील, तर गाळा मिळेल आणि धंदा जाईल.

मावशींच्या चाळीची बोलणी सध्या चालू आहेत. बिल्डरच्या माणसाने त्यांना दर्शनी बाजूचा, मोठ्या काचेचा गाळा देऊ केला. मावशींनी तो नाकारून मागच्या बाजूचा मागितला आहे, धुराड्यासकट. आणि वेळांचे कलम कराराला जोडल्याशिवाय सही करणार नाही, असे त्यांनी कळवले आहे.

नमस्कार.