भेदरलेला चेहरा कुणी घडवला?

मंडळी, हा मुखवटा मी सोबत आणलेला नाही. पांढरा लांबुडका चेहरा, खाली ओघळलेले दोन काळे डोळे, जवळपास नसलेलं नाक आणि हनुवटीपर्यंत ताणलेलं काळं तोंड. एवढं सांगितलं की तो तुमच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत ‘स्क्रीम’ हा चित्रपट लागला, तेव्हापासून जग त्याला ‘घोस्टफेस’ म्हणून ओळखतं. मी शाडूतून मुखवटे घडवणारा आणि ते घडवायला शिकवणारा माणूस. त्यामुळे कुठलाही मुखवटा पाहिला की माझा पहिला प्रश्न असतो, याची माती कुणाच्या हाताखालून गेली? या मुखवट्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारला, की एकाऐवजी चार उत्तरं मिळतात.

पहिलं उत्तर चित्रपटवाल्यांचं. केव्हिन विल्यमसनच्या पटकथेत खुनी मुखवटा घालतो, पण तो मुखवटा नेमका कसा दिसतो याचा तपशील नव्हता. दिग्दर्शक वेस क्रेव्हन आणि निर्माती मारियान मॅडलेना चित्रीकरणासाठी उत्तर कॅलिफोर्नियात घरं बघत हिंडत होते. सांता रोझाच्या परिसरातल्या एका घरात मॅडलेनाला हा मुखवटा दिसला. तिनं तो क्रेव्हनला दाखवला आणि तो त्याच्या मनात बसला. ज्या गावात हिचकॉकनं १९४३ चा ‘शॅडो ऑफ अ डाउट’ चित्रित केला, तेच हे सांता रोझा. मुखवटा शोधण्याचं श्रेय अनेकदा क्रेव्हनला दिलं जातं. ते मॅडलेनाचं आहे आणि तिला मिळायला हवं.

पण सापडलेली वस्तू कुणाची तरी असते. क्रेव्हननं केएनबी या नावाजलेल्या स्पेशल इफेक्ट्स स्टुडिओला सांगितलं, ‘याच्यासारखाच, पण आपला म्हणता येईल इतका वेगळा मुखवटा करून द्या.’ त्यांनी एकामागून एक नमुने केले. क्रेव्हनचं मन मूळ मुखवट्यातच अडकलेलं होतं. आमच्या धंद्यात हे नेहमी घडतं. एखादा चेहरा जमून जातो, आणि मग तोच पुन्हा करायला बसलं की भुवईची एक रेघ इकडची तिकडे होते आणि चेहरा मरतो. शेवटी फन वर्ल्ड या न्यूयॉर्कच्या कंपनीशी करार झाला आणि मूळ मुखवटा वापरता आला. तोवर काही चित्रण केएनबीच्या मुखवट्यावर उरकलं होतं. ते चित्रपटात तसंच राहिलं. नीट निरखून पाहिलंत तर फरक कळतो.

फन वर्ल्डचं उत्तर वेगळं आहे. हॅलोवीनला, म्हणजे भुताखेतांची सोंगं घेण्याच्या सणाला, लागणारे कपडे आणि मुखवटे विकणं हा त्यांचा व्यवसाय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी भुतांच्या चेहऱ्यांची एक मालिका बाजारात आणली, त्यातलाच हा एक. त्यांच्याकडे याचं नाव होतं ‘पीनट-आइड घोस्ट’, म्हणजे शेंगेसारख्या डोळ्यांचं भूत. भुईमुगाच्या शेंगेला मध्ये जी कंबर असते ती आठवा आणि मग ते डोळे आठवा. नाव ठेवणाऱ्याची नजर पक्की होती. कंपनी रचनेचं श्रेय आपली कर्मचारी ब्रिजिट स्लायर्टिन हिला देते. प्रेरणा म्हणून तीन गोष्टी सांगितल्या जातात: चित्रकार एडवर्ड मुंकचं ‘द स्क्रीम’ हे चित्र, पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या ‘द वॉल’ या १९८२ च्या चित्रपटातल्या आकृत्या आणि १९३० च्या दशकातल्या बेटी बूपच्या व्यंगपटांतली भुतं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो फार पसरलाय. चित्रपटाचं नाव ‘स्क्रीम’, म्हणून मुंकच्या चित्रासारखा मुखवटा निवडला, असं अनेकांना वाटतं. मुखवटा सापडला तेव्हा चित्रपटाचं नाव ‘स्केरी मूव्ही’ होतं. ‘स्क्रीम’ हे बारसं नंतर झालं. मुखवटा आधीच किंकाळी फोडत होता.

आता मुंकचं चित्र डोळ्यांसमोर आणा. १८९३ चं ते चित्र, त्यातली पुलावरची आकृती दोन्ही हातांनी कान झाकून उभी आहे. निसर्गातून आरपार जाणारी एक किंकाळी ऐकल्याचं मुंकनं स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे ती आकृती घाबरलेली आहे, ती कुणाला घाबरवत नाही. आपला मुखवटाही तसाच आहे. ओठांची टोकं खाली, डोळ्यांची टोकं खाली, सगळा चेहरा वितळत चाललाय. मी विद्यार्थ्यांना सांगतो, राक्षसाच्या रेषा वर चढतात, दुःखी माणसाच्या रेषा खाली उतरतात. या चेहऱ्यात एकही रेषा वर चढत नाही. ज्यानं किंवा जिनं तो घडवला, त्या व्यक्तीनं एक भेदरलेलं, वेदनेत असलेलं भूत घडवलं होतं. चित्रपटानं तो चेहरा सुरा घेतलेल्या माणसाला दिला. मरणाऱ्याला शेवटच्या क्षणी समोर स्वतःचीच भीती दिसते. हे मला या मुखवट्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. स्टुडिओतल्या वरिष्ठांना मात्र तो मुखवटा भीतिदायक वाटतच नव्हता. क्रेव्हननं सुरुवातीचा प्रसंग संकलित करून दाखवला, तेव्हा कुठे त्यांचा विरोध मावळला.

तिसरं उत्तर टोनी गार्डनर आणि त्याच्या अल्टेरियन या स्टुडिओचं. गार्डनर हॉलिवूडमधला मोठा मेकअप-इफेक्ट्स कलाकार, डाफ्ट पंक या संगीतकार जोडीची शिरस्त्राणं त्याच्याच स्टुडिओतली. भुतांचे हे चेहरे मुळात अल्टेरियनमध्ये घडले, असा त्यांचा दावा आहे. फन वर्ल्डला तो मान्य नाही. २०१८ मध्ये फन वर्ल्डनं टेरी रोझियर या बास्केटबॉलपटूवर खटला भरला. ‘स्केरी टेरी’ हे त्याचं टोपणनाव. या मुखवट्यातलं त्याचं व्यंगचित्र असलेले टी-शर्ट विकले जात होते. मुखवट्याचा मूळ मालक कोण, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा वर आला. २०२१ मध्ये न्यायालयानं रोझियरचा वापर न्याय्य ठरवला आणि खटला तिथेच मिटला. माती कुणी मळली, याचा निवाडा द्यायची वेळच आली नाही.

हा वाद फक्त पैशाचा आहे, असं कुणी म्हणालं तर मी सहमत होणार नाही. मुखवटा ही कलाकृती आहे की नुसती वापरायची वस्तू, यावर अमेरिकेत आधीही भांडण झालंय. डुक्कर, हत्ती, पोपट यांची खोटी नाकं विकणाऱ्या कंपन्यांच्या खटल्यात १९९० साली तिथल्या अपील न्यायालयानं सांगितलं, की अशा नाकांचा उपयोग त्यांच्या रूपातच आहे, म्हणून त्यांना कॉपीराइटचं संरक्षण मिळू शकतं. मला तो निकाल फार आवडतो. पण त्याच देशाच्या कायद्यात, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कर्ता म्हणून नोकरी देणाऱ्या मालकालाच धरलं जातं. घडवणारा हात कायद्याच्या कागदावरून तिथेच पुसला जातो. पुढे दोन मालक भांडतात, तेव्हा भांडण दोन कागदांचं होतं.

चौथं उत्तर कुणी फारसं देत नाही, म्हणून मी देतो. डेन फारवेल. बहुतेक प्रसंगांत तो झगा आणि मुखवटा घालून पळणारा, आपटणारा स्टंटमन. झगा आधी पांढरा ठरला होता. पांढरे झगे घालणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या वर्णद्वेषी संघटनेची आठवण होईल म्हणून तो काळा केला. डोळ्यांवर काळी जाळी, त्यामुळे आतल्या माणसाची नजर कुठेच दिसत नाही. म्हणजे फारवेलकडे उरलं होतं फक्त अंग. खून झाल्यावर सुऱ्याचं पातं मुठीत धरून एका झटक्यात पुसायचं, ही लकब त्यानं शोधली. पुढच्या चित्रपटांत ज्यांनी ज्यांनी तो मुखवटा चढवला, त्यांना ती करावी लागली.

आज दुकानात हा मुखवटा घेतलात तर पाकिटाच्या मागे कंपनीचं नाव बारीक अक्षरात असतं. मी घेतला तेव्हा तो उलटा करून आतल्या बाजूनं बोट फिरवलं. साच्यातून निघालेल्या मुखवट्याच्या आत कधी कधी घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा दाब राहून जातो. इथे प्लास्टिक अगदी गुळगुळीत होतं.