घरचा सबवूफर आणि ती घूंऽऽ

(दृश्य : खारघरमधला एक हॉल, कोपऱ्यात एमडीएफच्या फळ्यांची पेटी : सबवूफर, म्हणजे फक्त बास, खालचे सूर, वाजवणारा स्पीकर)

पेटीत बारा इंची ड्रायव्हर (कोन हलवून आवाज काढणारा भाग), पाठीला अ‍ॅम्प्लिफायर धातूच्या पत्र्यावर बसवलेला, म्हणजे प्लेट अ‍ॅम्प. सामान लॅमिंग्टन रोडचं, फळ्या सुताराकडून कापून घेतलेल्या. पेटी बंद करण्याआधी दीड व्होल्टचा सेल ड्रायव्हरला क्षणभर टेकवून बघायचा: प्लस लाल टर्मिनलला असेल तर कोन बाहेर यायला हवा.

रिसीव्हरच्या (सेट-टॉप बॉक्सचा आवाज घेऊन स्पीकरना वाटणाऱ्या यंत्राच्या) मागे ‘सबवूफर प्री-आउट’ असं आरसीए सॉकेट असतं. तिथून चांगल्या शील्डची (तारेभोवती धातूची जाळी असलेली) एक वायर प्लेट अ‍ॅम्पच्या ‘एलएफई’ (फक्त बाससाठीच्या) इनपुटला. अ‍ॅम्पचा लो-पास नॉब (ठरावीक सुरांच्या वरचं कापणारा) शेवटपर्यंत वर किंवा बायपासवर. कारण क्रॉसओव्हरचं, म्हणजे खालचे सूर सबला आणि वरचे बाकी स्पीकरना वाटण्याचं काम रिसीव्हर करतोच. दोन्ही फिल्टर चालू राहिले की 80 हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोनदा कापला जातो, बास पोकळ वाटतो आणि बिचाऱ्या ड्रायव्हरला बोल लागतात. रिसीव्हरच्या मेनूत बाकीचे स्पीकर ‘स्मॉल’ (म्हणजे त्यांचा बास सबकडे), क्रॉसओव्हर 80, अ‍ॅम्पचा गेन (आवाजाची पातळी) अर्ध्यावर.

(आवाज : सलग घूंऽऽ)

सब चालू केला आणि हे सुरू झालं. आरसीए काढा. घूं थांबली, तर अ‍ॅम्प बरा आहे. वायर परत लावा आणि सेट-टॉप बॉक्समधली केबलवाल्याची जाड वायर, म्हणजे कोअ‍ॅक्स उपसा. आता गप्प? सापडलं. ती कोअ‍ॅक्स इमारतभर फिरून येते. तिच्या शील्डचं अर्थिंग एकीकडे, अ‍ॅम्पच्या तीन पिनी प्लगचं दुसरीकडे. दोन्हींतल्या फरकाने 50 हर्ट्झचा करंट बॉक्स ते रिसीव्हरच्या एचडीएमआय आणि सबच्या आरसीएच्या शील्डमधून वाहतो, आणि सब तोच वाजवतो. उपाय म्हणजे कोअ‍ॅक्सवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण शील्डची जोड तोडणारा), शिवाय सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर. आरसीएवर बसणारा स्वस्त आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घूं घालवतो, पण खालचा बासही खातो.

अर्थची पिन मात्र काढायची नाही. घूं जाते, हे खरं. पण अ‍ॅम्पमध्ये विजेची फेज तार बॉडीला लागली तर पाठीमागची धातूची प्लेट जिवंत होते, म्हणजे तिच्यात वीज उतरते.

राहिली जागा. बारा फुटी भिंतींमध्ये 47 हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते. खालच्या मजल्यावरून तक्रार येते ती बहुधा याच सुरांची. सब तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बास वाजवा आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरा. जिथे आवाज कमी-जास्त न होता एकसारखा ऐकू येईल तिथे पेटी. मग 80 हर्ट्झचा टोन लावून सबवरचा फेजचा खटका (कोन आधी बाहेर की आत, हे उलटवणारा) 0 आणि 180 वर करून बघा. बसायच्या जागेवरून जिथे मोठा ऐकू येईल, तिथे सोडा.