रिकामी बाटली घेऊन खंबायतला

बडोद्याहून आणंदकडे जाणाऱ्या गाडीत उजवी-डावी बघू नका, आधी खाली बघा. वासद यायच्या आधी गाडी मही नदीच्या पुलावरून जाते. दोन्ही काठांना मातीची खोल कोतरं आहेत, पावसाने चिरत नेलेली. ती माती कुठे जाते हा प्रश्न तिथेच मनात धरा, कारण दुपारी आपण त्याच मातीसमोर उभे राहणार आहोत.

वासदनंतर आडास रोड नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. आपण मराठी माणसं त्या नावावरून सरळ पुढे जातो, याचं मला वाईट वाटतं. १७७५ च्या फेब्रुवारीत याच आडासच्या परिसरात राघोबादादांचा पुणेकरांच्या फौजेने पराभव केला आणि दादा थोड्या स्वारांनिशी खंबायतला पळाले. पाठलागाच्या भीतीने नबाबाने त्यांना थारा दिला नाही. तिथल्या इंग्रज रेसिडेंटाने, चार्ल्स मॅलेटने, त्यांची भावनगरला जायची सोय केली आणि तिथून ते समुद्रमार्गे सुरतेला पोचले. हाच मॅलेट पुढे पुण्याच्या दरबारात रेसिडेंट म्हणून आला. म्हणजे आडासहून खंबायतला जाताना आपण दादांच्या मागोमागच निघालेले असतो. आणंदला गाडी बदलायची. पेटलाद, तारापूर करत ही शाखा खंबायतला संपते. पेटलाद आपल्या बडोदे संस्थानातलं. पुढे रूळ नाहीत, पुढे समुद्र आहे. निदान नकाशात तरी तसंच दिसतं.

मी या वाटेने बऱ्याच वेळा गेले आहे. स्टेशनात उतरायचं, गावातून समुद्राकडे चालत जायचं आणि दुसऱ्या वाटेने पुन्हा स्टेशनावर यायचं. सकाळी पोचलं तर संध्याकाळच्या गाडीपर्यंत आरामात होतं. रिक्षा मिळते, पण रिक्षेने गेलात तर खंबायत कळणार नाही. बंदर आणि पाणी यांच्यामध्ये किती अंतर पडलं आहे ते पायांनीच मोजावं लागतं.

गावाच्या समुद्राकडच्या अंगाला जामा मशीद आहे, १३२५ ची, मुहम्मद तुघलकाच्या काळातली. अंगणात शिरल्यावर घाई करू नका. खांब बघा, त्यांतले कितीतरी आधीच्या देवळांतून आलेले आहेत. मशिदीला लागूनच उमर अल् काझेरूनी या धनाढ्य इराणी व्यापाऱ्याची कबर आहे. तो १३३३ मध्ये गेला. वरचा घुमट आता राहिलेला नाही, कबर आकाशाखाली आहे. संगमरवरावर कोरलेला कोनाडा, त्यात टांगलेला दिवा आणि अक्षरांच्या ओळी. असे कोरीव संगमरवरी दगड खंबायतचे कारागीर परदेशांतल्या मागणीवर घडवत होते. जावा बेटावर ग्रेसिकला मलिक इब्राहिम यांची १४१९ ची कबर आहे, तिचा दगड खंबायतचा. सुमात्रात असे दगड आहेत, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलव्यालाही आहेत. त्या संगमरवराच्या वजनाचा विचार करा, एवढं ओझं या गावातून निघून जावाला पोचत होतं. याच नावाचा दबदबा असा की १५८३ मध्ये इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने अकबराला पत्र लिहिलं तेव्हा त्याला 'खंबायतचा राजा' म्हणून संबोधलं. दूरच्या लोकांना हिंदुस्थान या बंदराच्या नावाने माहीत होता.

मशिदीबद्दल बोलताना एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज उभी आहे तिच्याही आधीची ही गोष्ट, तेराव्या शतकात खंबायतला काझी म्हणून राहिलेल्या अवफीने लिहून ठेवलेली. गावात दंगा झाला, मशीद जाळली गेली, माणसं मेली. तिथला खतीब, म्हणजे मशिदीत प्रवचन देणारा, पाटणला गेला आणि शिकारीला निघालेल्या गुजरातच्या राजाला, सिद्धराज जयसिंहाला, त्याने वाटेत गाठलं. राजाने दरबारात चर्चा केली नाही. मी तीन दिवस अंतःपुरात आहे, असं सांगून तो एकटा सांडणीवर बसला, रात्रंदिवस दौडत खंबायतला आला आणि व्यापाऱ्याच्या वेषात बाजारात, गल्लीगल्लीत फिरला. लोक काय बोलतात ते ऐकलं. निघताना त्याने एक भांडं समुद्राच्या पाण्याने भरून घेतलं. परत गेल्यावर दरबारी सांगू लागले की फिर्याद खोटी आहे, तेव्हा त्याने ते भांडं पुढे केलं आणि चाखायला लावलं. पाणी खारट होतं. राजा स्वतः जाऊन आला होता. दोषींना शिक्षा झाली, मशीद पुन्हा बांधायला पैसा मिळाला. आज या गोष्टीची आपल्याला फार गरज आहे असं मला मनापासून वाटतं. तो गेला, चालला, ऐकलं आणि मगच बोलला.

आता गाव मागे टाकून समुद्राकडे. आधी वेडी बाभूळ लागते, इथले लोक जिला 'गांडो बावळ' म्हणतात. मग ती विरळ होते आणि खारवट, भेगाळलेली जमीन सुरू होते. मग चिखल. पाणी? पहिल्यांदा मी अष्टमीला गेले होते, तिथी न बघता. भांगाची, म्हणजे लहान भरती होती. डोळे पोचतील तिथवर करडा चिखल आणि त्याच्या टोकाला एक चकचकीत रेघ. तासभर थांबून परतले. पुढच्या वेळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेले. उधाण होतं. तीच रेघ जाड झाली, मग सरकायला लागली, मग चिखलातल्या घळींतून पाणी आवाज करत आत शिरलं. कंबोईचा स्तंभेश्वर महादेव भरतीत बुडताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो महीच्या मुखाच्या अलीकडे, खंबायत पलीकडे. पाणी तेच. आखाताचं तोंड रुंद, आत येताना ते निमुळतं आणि उथळ होत जातं, म्हणून पाण्याला वर चढण्यावाचून मार्ग राहत नाही. भावनगरजवळ भरती आणि ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या वर जातो. तीन मजली घराएवढा. म्हणून हात जोडून सांगते, ओहोटीत चिखलावर उतरू नका. पाय रुततो आणि पाणी माणसापेक्षा लवकर येतं.

सगळे सांगतात की गाळाने खंबायत मेलं. मही आणि साबरमतीने आणलेला गाळ खराच, सकाळी पुलावरून आपण तो पाहिलाच. पण १३४२ च्या सुमारास इब्न बतूता इथे आला तेव्हाही जहाजं ओहोटीला चिखलात बसलेली आणि भरतीला तरंगणारी त्याने पाहिली होती. म्हणजे चिखल होताच आणि त्याच्यासकट बंदर शतकानुशतकं भरभराटीत होतं. चिखलात टेकून राहणारी जहाजं इथल्यासाठी योग्यच होती. १५७२ मध्ये अकबर इथे आला, इथेच त्याने पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि नावेतून फिरला. १६१७ मध्ये जहांगीर आला तेव्हा तो लिहितो की मोठी जहाजं भावनगरजवळच्या घोघा बंदरात नांगर टाकतात आणि माल लहान नावांत भरून इथे आणतात. माल दोनदा चढवायचा, दोनदा उतरवायचा. तिकडे तापीच्या मुखाशी सुरत होती, हजची जहाजं तिथून सुटत होती. व्यापाऱ्याने काय केलं असेल ते तुम्ही सांगा. माझं मत असं की गाळ वाढला त्याहून वेगाने जहाजं मोठी झाली.

परतीला अकिकाच्या, म्हणजे मण्यांच्या दगडाच्या, गल्ल्यांतून या. दगड भरूचकडच्या रतनपूरचा. उन्हात वाळवून, गोवऱ्यांच्या धगीत भाजला की आतल्या लोहामुळे तो लाल होतो. जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड धरायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच ठोकायचं, एकेक कपचा उडतो. लोथलच्या हडप्पाकालीन गावात सापडलेले मणी याच जातीच्या दगडाचे आहेत. बंदर गेलं, हे काम राहिलं. पण घासताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, आणि त्यावर इलाज नाही. माळ घेताना घासाघीस करू नका. पाण्याखाली घासतात का, धूळ ओढणारा पंखा आहे का, तेवढं आपुलकीने विचारा.

सुतरफेणी आणि हलवासन या इथल्या मिठाया स्टेशनकडे येताना बाजारात घ्या, आधी घेतलंत तर दिवसभर ओझं.

पुढच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी जायचं ठरवलं आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहा. टोपी, जुने बूट, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या, आणि एक रिकामी.